जनुकसंपादन : कांद्याच्या निमित्ताने
(तृतीय वर्ष, कला)

‘संपादन’ हा शब्द वार्षिकांकाच्या वाचकांना काही नवा नाही. आलेला मजकूर वाचावयाचा, चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ सुधारावयाचे, नको असलेला शब्द गाळावयाचा. आणि हे सारे करताना लेखकाचे म्हणणे मात्र बिघडू द्यावयाचे नाही, हे संपादकाचे काम. वेलांटी फिरली की ‘दिन’चा ‘दीन’ होतो आणि वाक्याचा अर्थ पालटतो, हे मुद्रिते तपासणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. आज हेच काम शास्त्रज्ञ पिकांच्या बाबतीत करू लागले आहेत. त्या कामाला नावही तेच मिळाले आहे : जनुकसंपादन.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आम्ही राहतो पिंपळे गुरवला. पवनेकाठच्या या गावात पूर्वी शेते होती, आज इमारती आहेत. परंतु या इमारतींतील निम्म्या घरांचे पाय अजून कुठल्या ना कुठल्या शेतात आहेत. सुगी झाली की गावाकडून ज्वारीचे, कांद्याचे पोते येते आणि बाल्कनीत विसावते. आमच्या घरी ते खेड तालुक्यातून, मामांकडून येते. शेजारच्या नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता भोसरी, मोशी, चाकण करीत राजगुरुनगरला जातो. चाकणला आज मोटारींचे कारखाने आहेत, पण त्याच चाकणला कांद्याचा मोठा बाजारही भरतो. आणि त्याच रस्त्यावर पुढे, राजगुरुनगरला, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. जनुकसंपादनाची कात्री कांद्यावर चालविण्याचा प्रयोग तेथे झाला आहे. आपल्या अंगणात घडणारी गोष्ट आपल्याला माहीत नसावी हे बरे नव्हे, म्हणून हा लेख.

पूर्वीच्या वाटा

पीक सुधारण्याची हौस माणसाला आजची नाही. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणूस शेती करू लागला तेव्हापासून तो चांगले कणीस बाजूला काढून ठेवीत आला आहे. बियाण्यासाठी निवडलेले ते कणीस म्हणजेच वनस्पती-प्रजननशास्त्राचा पहिला धडा. पुढे दोन वाणांचा संकर करण्याची विद्या आली. एकाचा टपोरेपणा आणि दुसऱ्याची काटकता एकत्र आणावयाची, मग पिढ्यान्पिढ्या निवड करीत राहावयाचे. यात दोष एकच : हव्या असलेल्या गुणाबरोबर नको असलेले गुणही येतात, आणि ते वेचून काढण्यात आठ-दहा वर्षे सहज निघून जातात.

तिसरी वाट किरणांची. बियाण्यावर क्ष-किरण अथवा गॅमा किरण सोडले की त्याच्या जनुकांत कुठेतरी बदल घडतात. कुठे घडतील ते सांगता येत नाही. हजारो रोपे वाढवावयाची आणि त्यांतून एखादे कामाचे रोप शोधावयाचे. या वाटेवर महाराष्ट्राने मोठेच काम केले आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने या रीतीने भुईमुगाची अनेक वाणे दिली. १९९१ साली आलेले ‘टीएजी-२४’ हे त्याच घराण्यातले. उन्हाळी भुईमूग करणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याला हे नाव अपरिचित नाही. किरणांनी घडविलेले हे वाण आहे म्हणून कोणी शेंगा खावयाचे टाळले नाही.

चौथी वाट वादाची ठरली. एका जिवातील जनुक काढून दुसऱ्या जिवात बसवावयाचे. जमिनीतील एका जिवाणूचे जनुक कापसात घालून बीटी कापूस तयार झाला. २००२ साली त्याला भारतात परवानगी मिळाली, आणि ते बियाणे आणण्यात जालन्याची महिको ही कंपनी पुढे होती. प्रारंभी बोंडअळी हटली, फवारण्या कमी झाल्या. पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना तिने जेरीस आणले. बीटी वांग्याला तर २०१० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने स्थगितीच दिली. निसर्गाशी एकदाच करार करून भागत नाही, हा धडा या प्रकरणाने शिकविला.

अक्षरे तीन-तीन

आता नवी वाट. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचा धागा असतो, आणि त्यावर चार रासायनिक अक्षरांत त्या जिवाची संहिता लिहिलेली असते. पेशी ही अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचते. समजा, ‘गवत हिरवे दिसले’ असे वाक्य आहे आणि दर तीन अक्षरांनंतर थांबावयाचे असा नियम आहे. आता ‘गवत’मधील ‘व’ गळाला. नियम तोच राहिला तर वाचन होईल : ‘गतहि रवेदि सले’. एकच अक्षर गेले, पण पुढचा सगळा अर्थ गेला. जनुकातील एक-दोन अक्षरे गाळली वा वाढविली की ते जनुक असेच निकामी होते.

पण कोट्यवधी अक्षरांतून नेमके तेच अक्षर गाठावयाचे कसे? याचे उत्तर जिवाणूंनी दिले. जिवाणूंवरही विषाणू हल्ला करतात. एकदा येऊन गेलेल्या शत्रूच्या संहितेचा तुकडा काही जिवाणू आपल्या संहितेत जपून ठेवतात. तोच शत्रू पुन्हा आला की त्या तुकड्याची नक्कल हाती घेऊन एक प्रथिन फिरू लागते आणि जुळणारा मजकूर सापडला की तेथेच त्याचे दोन तुकडे करते. पोलीस चौकीत लावलेल्या छायाचित्रावरून चोर ओळखावा तसेच हे. जिवाणूंच्या डीएनएमधील पुन्हा पुन्हा येणारे हे चमत्कारिक तुकडे १९८७ साली जपानमध्ये प्रथम नजरेस आले. पुढे त्या रचनेला ‘क्रिस्पर’ हे नाव पडले. कापणाऱ्या प्रथिनाचे नाव ‘कॅस-९’.

२०१२ साली एमान्युएल शार्पेंटिये आणि जेनिफर डाउडना या दोन विदुषींनी दाखवून दिले की, या प्रथिनाच्या हाती आपल्याला हवे ते छायाचित्र देता येते. सुमारे वीस अक्षरांचा एक मार्गदर्शक आरएनए तयार करावयाचा; कॅस-९ तो घेऊन नेमक्या जागी जाते व तेथे धागा कापते. कापलेला धागा पेशी स्वतःच घाईघाईने सांधते. सांधताना एखादे अक्षर गळते किंवा वाढते, आणि जनुक बंद पडते. याहून अधिक काही साधावयाचे असेल तर कापण्याबरोबर एक छोटा नमुना पुरवितात. पेशी त्याबरहुकूम दुरुस्ती करते. या शोधाबद्दल दोघींना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संकरात दोन ग्रंथांची पाने एकत्र कालविली जातात. किरणांच्या रीतीत ग्रंथावर डोळे मिटून शाई शिंपडली जाते. बीटीच्या रीतीत परक्या ग्रंथाचे पान आणून चिकटविले जाते. संपादनात मात्र त्याच ग्रंथातील एक अक्षर बदलले जाते. म्हणून तिच्याकडे पाहण्याची दृष्टी थोडी निराळी असावी, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे.

भाताची दोन वाणे

४ मे २०२५ रोजी नवी दिल्ली येथे केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुकसंपादनाने घडविलेली भाताची दोन वाणे जाहीर केली. पहिले ‘डीआरआर धान १००’ ऊर्फ ‘कमला’. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने ते ‘सांबा मसुरी’ या लोकप्रिय वाणापासून तयार केले. भाताच्या लोंबीत दाणे किती भरावेत हे ठरविणारे एक संप्रेरक असते, आणि ते संप्रेरक नष्ट करणारे एक जनुकही भातात असते. ते जनुक बंद केले की संप्रेरक टिकते आणि दाणे वाढतात. मूळ वाणापेक्षा उत्पन्न १९ टक्क्यांनी अधिक आणि पीक सुमारे वीस दिवस लवकर तयार, असा परिषदेचा दावा आहे. पीक वीस दिवस आधी निघाले तर तितक्या दिवसांचे पाणी वाचते, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरे ‘पुसा डीएसटी राइस १’. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ते ‘एमटीयू १०१०’ या वाणापासून घडविले. खारवट आणि क्षारपड जमिनीतही ते तग धरते असे सांगितले जाते. दोन्ही वाणे सरकारी संस्थांची आहेत, कोणा खाजगी कंपनीची नाहीत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अर्थात सर्वांनीच टाळ्या वाजविल्या असे नाही. जनुकबदलास विरोध करणाऱ्या कार्यकर्त्यांनी चाचण्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतले आणि परिषदेने ते नाकारले. शेतावरची परीक्षा हीच अखेरची परीक्षा. ती अनेक हंगाम चालते, आणि तिचा निकाल घाईने लावता येत नाही.

कांदा अवघड का?

भाताला जे साधले ते कांद्याला का साधू नये? साधेल, पण कांदा हे हट्टी पीक आहे. पहिली अडचण त्याच्या ग्रंथाच्या आकाराची. भाताची संहिता सुमारे चाळीस कोटी अक्षरांची. माणसाची तीनशे कोटींच्या थोडी वर. आणि कांद्याची? सुमारे सोळाशे कोटी! म्हणजे ज्याला आपण बुक्कीने फोडून भाकरीबरोबर खातो, त्याची पोथी आपल्या पोथीच्या पाचपट जाड. अर्थात पोथी जाड म्हणून कांदा शहाणा ठरत नाही. तीत पुनरुक्तीच फार. पण एवढ्या पसाऱ्यात नेमकी ओळ शोधणे कठीण, आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या ओळीवर कात्री चालणार नाही याची खात्री करणे त्याहून कठीण.

दुसरी अडचण त्याच्या आयुष्यक्रमाची. कांद्याला दोन वर्षे लागतात. पहिल्या वर्षी बियापासून कांदा, दुसऱ्या वर्षी तो कांदा पुन्हा लावला की डेंगळा येतो, त्याला गोंड्यासारखे फूल लागते आणि त्यातून बी मिळते. भाताच्या वर्षात दोन पिढ्या घेता येतात; कांद्याची एक पिढी दोन वर्षे खाते. त्यात हे पीक परपरागी. मधमाश्या एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून कोणतेही दोन कांदे तंतोतंत सारखे नसतात. सक्तीने स्वपरागण करवीत गेले तर दोन-तीन पिढ्यांत रोपे खुरटतात. शुद्ध वाण करावयाचे म्हटले तर संशोधकाच्या नोकरीची अर्धी वर्षे त्यातच जावयाची.

आणि तिसरी अडचण : संपादन होते ते एका पेशीत, त्या पेशीपासून काचेच्या नळीत अख्खे रोप वाढवावे लागते. भात, तंबाखू ही पिके यात समंजस आहेत. कांदा नाही.

अशा या कांद्यावर राजगुरुनगरच्या शास्त्रज्ञांनी क्रिस्परची कात्री चालवून दाखविली. त्यांचा शोधनिबंध २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी निवडलेले जनुक उपयोगाचे नव्हते, जाणूनबुजून निवडलेले खुणेचे जनुक होते. वनस्पतीत हरितद्रव्याला उन्हापासून जपणारी पिवळी-नारिंगी द्रव्ये बनतात. ती बनविण्याच्या साखळीतले एक जनुक बंद केले की हरितद्रव्य टिकत नाही आणि रोप पांढरे फटक पडते. म्हणजे कात्री योग्य जागी लागली की नाही हे डोळ्यांनी दिसते. राजगुरुनगरच्या नळ्यांतील काही रोपे पांढरी पडली, काही अर्धवट हिरवी, अर्धवट पांढरी निघाली. अशी पांढरी रोपे शेतात जगत नाहीत. त्यांना स्वतःचे अन्न करता येत नाही, नळीतल्या साखरेवरच ती तग धरतात. तरीही त्यांचे मोल मोठे आहे. कांद्याच्या पोथीत हवी ती ओळ गाठता येते, हे त्या पांढऱ्या रोपांनी सांगितले.

याच संस्थेने आणखी एक दिशा तपासली आहे. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना पकडून ठेवणाऱ्या प्रथिनाचे जनुक दबविले, तर बीजधारणेनंतर एका बाजूची गुणसूत्रे गळून पडतात आणि अर्ध्या गुणसूत्रांचे रोप मिळू शकते. मग ती अर्धी गुणसूत्रे औषधाने दुप्पट केली की पूर्ण शुद्ध रोप एका फटक्यात हाती येते. कांद्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. जेथे पूर्वी दोन-दोन वर्षांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडत, तेथे वाट एकदम आखूड होते.

मग पुढे काय हवे? शेतकऱ्याला विचारले तर यादी तयार आहे. पोळ कांद्याला पावसात करपा येतो, तो आवरावा. उन्हाळ कांदा चाळीत कोंब न धरता, न सडता पाच-सहा महिने टिकावा. रांगड्या कांद्यात डेंगळे आणि जोडकांदे कमी निघावेत. फुलकिड्यांवरच्या फवारण्या घटाव्यात. यांतल्या काही गोष्टी जुन्या रीतीनेही साधत आल्या आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘एन-२-४-१’ आणि राजगुरुनगरचे ‘भीमा शक्ती’ ही टिकाऊपणासाठी नावाजलेली वाणे निवडीतूनच आली. संपादनाने ती निवड मोडीत निघत नाही. उलट, कोणते अक्षर बदलावयाचे हे कळण्यासाठी आधी चांगले-वाईट वाण शेतात शेजारी-शेजारी वाढवून पाहावेच लागते. संपादकाला आधी वाचक व्हावे लागते.

कायदा आणि शंका

आपल्याकडे जनुकबदल केलेल्या जिवांसाठी १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ ची नियमावली आहे. ३० मार्च २०२२ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ठरविले की, ज्या संपादित रोपांत परके जनुक शिल्लक नाही, त्यांना या नियमावलीतील कडक तरतुदींतून सूट द्यावी. युरोपात याउलट, २०१८ साली तेथील न्यायालयाने संपादित पिकांनाही जनुकबदलाच्या जुन्या कायद्यातच बसविले. पुढे तेथेही नियम सैल करण्याकडे कल वळला. जपानमध्ये २०२१ पासून संपादित टोमॅटो विकला जातो.

‘परके जनुक शिल्लक नाही’ या शब्दांत एक मेख आहे. कात्री पेशीत पोहोचविण्यासाठी बहुधा कात्रीचेच जनुक आत घालावे लागते. काम झाल्यावर पुढच्या पिढीत ज्या रोपांत संपादन आहे पण कात्री नाही, अशी रोपे वेचावी लागतात. भाताला हे सोपे. कांद्याला प्रत्येक पिढीची दोन वर्षे मोजावी लागतात. कात्री गेली आहे, आणि भलत्या ठिकाणी चाललेली नाही, याची तपासणी नीट होते की नाही हे कोणी पाहावयाचे? सूट दिली म्हणजे तपासणीही सोडून दिली असे होता कामा नये. शिवाय क्रिस्परची मूळ पेटंटे परदेशी विद्यापीठे व कंपन्यांकडे आहेत. प्रयोगशाळेत ती वापरणे निराळे आणि बाजारात बी विकणे निराळे.

हे सगळे मी मामांना समजावून सांगितले. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतले. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून आणलेल्या बियाण्याने त्यांना फसविले होते. निम्म्या शेतात डेंगळे उभे राहिले आणि त्या साली काढणीचा खर्चही निघाला नाही. तेव्हापासून ते उळे घरचेच धरतात. चांगले गोल, एका रंगाचे कांदे निवडून लावतात आणि बी गाडग्यात राख घालून ठेवतात. ते म्हणाले, “अगं, तुझं सगळं खरं. पण त्याचं बी आम्हाला धरता येईल का, तेवढं सांग.”

त्यांचा प्रश्न शास्त्राचा नव्हता, पण शास्त्रज्ञांनी आणि शासनाने आधी त्याचेच उत्तर द्यावे असे मला वाटते. २००१ चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा हक्क देतो. संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा लावून मात्र विकता येत नाही. हा हक्क संपादित वाणांनाही तसाच लागू राहिला पाहिजे. पण कागदावरचा हक्क पुरत नाही. संपादित वाण संकरित स्वरूपातच बाजारात आले तर त्याचे घरी धरलेले बी पुढल्या साली सारखे निघणार नाही, आणि हक्क असूनही मामांना दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागेल. म्हणून सरकारी संस्थांनी संपादित कांदा सरळ वाण म्हणूनही द्यावा, अशी मागणी करावयास आपण कचरू नये.

दुसरी गोष्ट भावाची. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात चांगला पिकविलेला, चांगला टिकलेला कांदाही पडेल भावाने गेला. उत्पन्न १९ टक्क्यांनी वाढवणारे जनुक सापडेल, पण आडत्याच्या पट्टीवरचा आकडा वाढवणारे जनुक कोणत्याही पोथीत नाही. म्हणून माझ्या मते कांद्यात अधिक उत्पन्नापेक्षा अधिक टिकाऊपणाचा शोध आधी घ्यावा. जो कांदा चाळीत सहा महिने निर्धास्त राहील, तो शेतकऱ्याला ‘आज विकणार नाही’ असे म्हणण्याचे बळ देईल. अर्थशास्त्राच्या वर्गात आपण ज्याला सौदाशक्ती म्हणतो, ती हीच.

विज्ञान आपल्या विषयाबाहेरचे आहे असे समजून आपण कलेचे विद्यार्थी दूर राहिलो, तर कोणते अक्षर बदलावयाचे, कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हे निर्णय दुसरे कोणीतरी घेतील. कात्री कशी चालते हे प्रयोगशाळेने सांगावे. ती कशासाठी चालावी हे ठरविण्यात इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनी आणि बी धरणाऱ्यांनीही बसले पाहिजे. राजगुरुनगर आपल्यापासून फार दूर नाही. विभागाने एखादी शैक्षणिक सहल तिकडे काढावी, अशी प्राध्यापकांना विनंती करून हा लेख पुरा करते.